घरबसल्या बी.एड. होतं का? ताईचा कोर्स आणि माझा गोंधळ

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित उतारा. बोलताना अडखळलो तेवढं काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा आहे, आणि खरं सांगायचं तर माझाही. आयटीतली नोकरी चालू ठेवून, ऑनलाइन डिग्री करून शिक्षक होता येतं का?

माझी आतेबहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बारावीनंतर डी.एड., मग नोकरी, नोकरी करता करता बी.ए., आणि परवाच तिने मुक्त विद्यापीठातून बी.एड. पूर्ण केलं. सुट्टीच्या दिवशी अभ्यासकेंद्रावर जायची, रात्री स्वाध्याय लिहीत बसायची. मी बीटेक, सहा वर्षं कोडिंग. गेली दोन वर्षं दर रविवारी आमच्या सोसायटीशेजारच्या लेबर कॅम्पमधल्या मुलांना गणित शिकवतोय. आठवड्यातलं तेवढंच काम मनापासून आवडतं. म्हटलं, ताईने केलं तसंच आपणही करू.

एका जाहिरातीत नंबर टाकला. दहा मिनिटांत फोन. "सर, घरबसल्या बी.एड., फक्त परीक्षेला या. आज पाच हजार भरले तर सीट पक्की." मी भरणारच होतो. सहज ताईला सांगितलं. ती म्हणाली, "अरे थांब, पैसे भरायच्या आधी माझं माहितीपत्रक तरी वाच. पात्रता कोणाची लिहिलीय ते बघ."

वाचलं, आणि गाडी तिथेच अडली.

आपल्याकडे शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवते एनसीटीई, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद. १९९३ च्या कायद्याने ती स्थापन झाली. तिच्या २०१४ च्या नियमांनुसार बी.एड. दोन वर्षांचं झालं, आणि दूरशिक्षणातून बी.एड. कोणाला करता येईल हेही ठरलं: जे प्राथमिक स्तरावर प्रशिक्षित असून नोकरीत आहेत त्यांना, किंवा ज्यांनी एनसीटीईची मान्यता असलेला एखादा शिक्षक-प्रशिक्षणाचा कोर्स नियमित वर्गात बसून आधी केलाय त्यांना. ताई यात बसते. मी बसत नाही. इग्नू असो की नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, फ्रेशरसाठी हे दार नाहीये.

पहिल्यांदा चिडचिड झाली. मग कारण पटलं. दूरशिक्षणाचा कोर्स हे धरून चालतो की तुम्ही रोज वर्गात उभे राहताय. पुस्तकात वाचलेलं ताई दुसऱ्या दिवशी चौथीच्या मुलांवर करून बघू शकते. माझ्यासमोर रविवारचे दोन तास सोडले तर फक्त लॅपटॉप आहे.

मग माझ्यासारख्याला रस्ता कोणता? नियमित बी.एड. अभियांत्रिकी पदवीधरांना ते करता येतं, पण ५५ टक्के लागतात आणि पदवीत विज्ञान-गणिताचा पाया असावा लागतो. महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी द्यावी लागते. वर्षाला किमान २०० दिवस कॉलेज, दोन वर्षांत मिळून २० आठवडे शाळेत इंटर्नशिप. हजेरी वर्गात ८० टक्के आणि इंटर्नशिपमध्ये ९० टक्के. म्हणजे पूर्णवेळ नोकरी सांभाळून हे जमत नाही. "हजेरीचं आम्ही बघून घेऊ" असं कोणी म्हणालं तर तिथूनच मागे फिरा.

दुसरा घोळ एम.ए. एज्युकेशनचा. हे घरून करता येतं, नावही भारदस्त. पण तो शिक्षणशास्त्र या विषयाचा अभ्यास आहे, शिक्षक होण्याचा परवाना नाही. शाळेच्या जाहिरातीत बी.एड. मागितलं असेल तर एम.ए. एज्युकेशन त्याच्या जागी चालत नाही.

तिसरी गोष्ट, कुठल्या इयत्तेला शिकवायचंय ते आधी ठरवा. पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, तिथे डी.एल.एड. म्हणजे जुनं डी.एड. लागतं. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये हे स्पष्ट केलंय. सहावी ते आठवीसाठी पदवी, प्रशिक्षण आणि टीईटी. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड. आणि तुमच्या पदवीत तो विषय होता का, हेही बघतात. संगणक शाखेच्या मंडळींनी आपल्या मार्कशीटवर गणित किती आहे ते तपासून ठेवा. महाराष्ट्रात सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं तर पुढे टेट म्हणजे अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल आहेच.

अमेरिकेतल्या श्रोत्यांसाठी थोडं वेगळं. तिकडे वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीसारखं १९९७ साली सुरू झालेलं ऑनलाइन विद्यापीठ आहे, तिथे दुसऱ्या विषयातला पदवीधर शिक्षक होण्यासाठीची मास्टर्स करू शकतो. पण गंमत बघा, तिथेही सगळं स्क्रीनवर होत नाही. खऱ्या शाळेत, अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली कित्येक आठवडे शिकवावंच लागतं. परवाना देतं ते राज्य, विद्यापीठ नाही. म्हणून आपण राहतो त्या राज्यात तो कोर्स चालतो का, हे आधी विचारायचं. थोडक्यात, थिअरी ऑनलाइन होते. वर्ग ऑनलाइन होत नाही.

तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी बघा. एक, त्या कॉलेजच्या त्या कोर्सला एनसीटीईची मान्यता आहे का. त्यांच्या वेबसाइटवर स्वतः शोधा, कोणी पाठवलेल्या पीडीएफवर जाऊ नका. दोन, पात्रतेच्या रकान्यात तुम्ही बसता का. तीन, तुम्हाला हव्या त्या नोकरीच्या जुन्या जाहिरातीत नेमकं काय मागितलंय.

माझं काय ठरलं? अजून राजीनामा दिलेला नाही. गृहकर्जाचा हप्ता आहे, घरी आई-बाबा आहेत. दोन वर्षं बिनपगारी काढायला किती लागतील याचं एक्सेल मात्र बनवलंय, आणि पुढच्या सीईटीचा फॉर्म भरणार आहे. ताईला सांगितलं तर म्हणाली, "आधी आठवडाभर रजा टाक आणि माझ्या वर्गात येऊन बस. दुपारी जेवणानंतर चाळीस पोरं कशी असतात ते बघ. तरी यावंसं वाटलं, तर ये."

रजा टाकलीय. काय झालं ते पुढच्या भागात सांगतो. भेटूच!