भिंत पाणी ओढते तेव्हा

गुरमाळ्याचा शेवटचा हात फिरला, पायाड उतरलं, की नव्या घरातली माणसं निघून जातात. माझ्या मते बघण्यासारखं जे असतं ते त्यानंतर सुरू होतं. इंदूरमध्ये कुणा नातलगाचं घरकाम निघालं, की मी मुद्दाम गिलाव्याच्या दिवसांत जातो आणि ओल्या भिंतीसमोर बसतो.

पहिल्यांदा भिंत एकरंगी, गडद आणि चकचकीत असते. मग चकाकी मरते. खिडकीशेजारी, जिथं वारा लागतो तिथं, फिकट बेटं उमटतात, पसरत पसरत एकमेकांना मिळतात. कोपरे, छतालगतचा पट्टा आणि जमिनीपासूनचा हातभर भाग मात्र काळवंडलेलाच राहतो, कारण तिथं हवा खेळत नाही. विटांना पाण्याची ओढ जास्त, सांध्यातल्या मालाला कमी; म्हणून पातळ थरावर कधी कधी विटांची अख्खी जाळी वर येते. वायरिंगसाठी फोडून पुन्हा बुजवलेली खाच गडद रेघ होऊन दिसते. रंग चढण्याआधीच्या या काही तासांत भिंत आपल्या पोटातलं सगळं दाखवते. त्या वेळी घरमालकाने तिथं हजर असावं, असं मला फार वाटतं. या रेघांचा मोबाइलवर एक फोटो घेतला, तर पुढे ड्रिल कुठं मारू नये हे कळतं.

ओली भिंत गडद का दिसते? कोरड्या थरातल्या सूक्ष्म छिद्रांत हवा असते. जिप्समचा अपवर्तनांक सुमारे 1.52 आणि हवेचा 1. या मोठ्या फरकामुळे प्रकाश पुन्हा पुन्हा विखुरतो आणि पृष्ठभाग पांढरा दिसतो. छिद्रांत पाणी भरलं, की फरक घटतो (पाण्याचा अपवर्तनांक 1.33), प्रकाश खोल शिरतो आणि थोडाच परत येतो. पातळ चुन्याचा ओला हात जवळजवळ पारदर्शक असतो आणि वाळता वाळता पांढरा होतो, तोही याच कारणाने.

मात्र वाळणं वेगळं, घट्ट होणं वेगळं. पीओपी अर्ध्या तासात आवळतं, हाताला कोमटही लागतं. शंभर किलो पीओपीला रासायनिक क्रियेसाठी जेमतेम 18-19 किलो पाणी पुरतं. कालवताना घातलेलं बाकीचं पाणी नंतर उडून जावं लागतं. चुन्याची तऱ्हा निराळी. त्याला हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगड व्हायचं असतं, आणि त्यासाठी अंगात थोडी ओल लागते. ठार कोरडा पडला तर क्रिया थांबते. चिंब राहिला तरी रेंगाळते, कारण हा वायू हवेच्या मानाने पाण्यात सुमारे दहा हजार पट सावकाश सरकतो. ढोबळमानाने महिन्याला एक मिलिमीटर, इतकीच त्याची चाल. माळव्यातल्या एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात चुन्यावर ओलं गोणपाट टांगतात ते उगीच नाही.

म्हणून राजवाड्याची अलीकडची दुरुस्ती मला ओढून नेत असे. होळकरांचा हा सात मजली वाडा, खाली दगड आणि वर लाकूड. 1801 मध्ये सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटलं तेव्हा, पुढे 1908 मध्ये आणि 1984 च्या दंगलीत तो जळला. अलीकडच्या दुरुस्तीत सिमेंट बाजूला ठेवून चुना-सुरखीत गूळ, मेथी, बेलफळ, गुग्गुळ घातले. मेथीचा बुळबुळीत चीक पाणी धरून ठेवतो, गुळामुळे कमी पाण्यातही माल सैल राहतो. असा गिलावा सिमेंटसारखा भराभर फिका पडत नाही. पिकत्या पेरूसारखा हळूहळू, ठिकठिकाणी उजळतो. मला तो रंग कोणत्याही महागड्या पेंटपेक्षा प्रिय आहे.

भेगांचंही वाचन करावं. घाईने वाळलेल्या थरावर केसासारखी बारीक जाळी येते आणि ती बहुधा वरवरचीच असते. दाराखिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग दिसली, तर मात्र पायाखालच्या काळ्या मातीकडे बघावं. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते.

दिवाळीची तारीख गाठायची म्हणून अर्धओल्या भिंतीवर रंग चढवू नये, लोणा आणि पोपडे तिथूनच येतात. रात्री हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवावा. सकाळी आतून दव धरलं असेल, तर रंगाऱ्याला आणखी काही दिवस थांबवावं आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात.