कलमाचे कूळ

संत्रे आणि मोसंबी यांतला फरक कुणाला शिकवावा लागत नाही. संत्र्याची साल सैल, नखाने सुटते, फोडी सहज मोकळ्या होतात. मोसंबीची साल गराला धरून बसलेली, ती चिरावीच लागते. बी सोलून पाहा : संत्र्याच्या बीचे दल हिरवट, मोसंबीचे पांढरे.

पण विदर्भातला बागाईतदार फळ विकत घेत नाही, कलम घेतो. त्या हातभर काडीला फळ कुठले? मग पान पाहायचे. पपनसाच्या पानाच्या देठाला रुंद पंख असतात, मोसंबीच्या देठाला अरुंद, संत्र्याच्या देठाला जेमतेम. पान चुरगळून वासही घ्यावा. कारण संत्र्याचा डोळा बहुधा जंबेरीच्या खुंटावर भरतात. डोळा मेला आणि खुंटच फुटला, तर शेतकरी काटेरी जंबेरीलाच खतपाणी घालत राहतो.

दिसण्यापलीकडचे नाते आता जनुके सांगतात. महाळुंग, पपनस आणि रानटी संत्रे हे या घराण्याचे प्रमुख मूळपुरुष. मोसंबीत संत्रे आणि पपनस दोघांचेही रक्त आहे, आणि तिचे आजोळ पपनसाचे. आपल्या कागदी लिंबाचा बाप तर महाळुंग!

खरी पंचाईत सख्ख्या भावंडांची. एखाद्या झाडाच्या एकाच डोळ्यात अचानक बदल होतो, त्या फांदीला निराळी फळे लागतात आणि तिच्या कलमांतून नवा वाण जन्मतो. गोड संत्र्याचे कितीतरी वाण असेच आले. इटलीतल्या लाल गराच्या संत्र्याचे रहस्य २०१२ साली उलगडले : एका जनुकाशेजारी उडी मारून बसलेला जनुकीय तुकडा. बाकी सारा मजकूर जवळजवळ तोच. म्हणून साध्या जनुकीय चाचणीत अशी भावंडे एकसारखीच दिसतात. तिथे संपूर्ण जनुकसंच वाचावा लागतो, नाहीतर फळाची वाट पाहावी लागते.

आणि वाट म्हणजे चार-पाच वर्षे! तोवर विहीर, ठिबक, मजुरी आणि कर्जाचे व्याज चालूच. बँकेत आम्ही सही नमुन्याशी ताडून पाहत असू. मूळ नमुनाच नसेल, तर ताडणार कशाशी? कलमाचा नमुना म्हणजे त्याचे मातृवृक्ष. म्हणून नोंदणीकृत रोपवाटिकेत जावे, डोळे कोणत्या झाडाचे आणि खुंट कोणता ते विचारावे, वाणाच्या नावाची पावती घ्यावी आणि ती सातबाऱ्याइतकीच जपावी. फसगत झाली, तर पाचव्या वर्षी शेतकऱ्याच्या हातात तेवढाच पुरावा असतो.