गुलमोहरमधली खोली क्रमांक 102

21 मे 2025. विधिमंडळाची अंदाज समिती दौऱ्यावर धुळ्यात आलेली. त्या संध्याकाळी गुलमोहर या शासकीय विश्रामगृहातल्या 102 क्रमांकाच्या खोलीला माजी आमदार अनिल गोटे यांनी बाहेरून कुलूप ठोकलं आणि कार्यकर्त्यांसह दारातच ठिय्या मांडला. आत कोट्यवधींची रोकड आहे, ती समितीच्या आमदारांसाठी गोळा केलेली आहे, असा त्यांचा आरोप होता.

असे आरोप खान्देशाने पुष्कळ ऐकलेत. पण या वेळी आरोप करणारा माणूस दारातून हलेना. तास उलटले, गर्दी वाढली, कॅमेरे आले. रात्री उशिरा यंत्रणेने कुलूप तोडलं. आत खरंच नोटा होत्या. मोजल्या तेव्हा आकडा 1 कोटी 84 लाखांच्या वर गेला.

खोली नोंदवलेली होती समितीचे अध्यक्ष अर्जुन खोतकर यांच्या स्वीय सहायकाच्या नावे. सहायकाला निलंबित करण्यात आलं. खोतकरांनी आरोप साफ नाकारला, हा आपल्या बदनामीचा डाव असल्याचं सांगितलं. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विशेष तपास पथकाची घोषणा केली. पैसा कोणाचा आणि कोणासाठी, याचा निवाडा तपास आणि न्यायालयच करील.

मला मात्र त्या रकमेपेक्षा ती जागा जास्त अस्वस्थ करते. अंदाज समिती म्हणजे सरकारी खर्चावर विधिमंडळाने ठेवलेली नजर. रस्ता झाला का, पाटचारीला पाणी आलं का, मंजूर पैसा गेला कुठे, हे सभागृहात तासाभराच्या चर्चेत कळत नाही. म्हणून समिती जिल्ह्यात येते, कागद मागते, अधिकाऱ्यांना समोर बसवते. या बैठका बंद दाराआड होतात. अधिकाऱ्याने मोकळेपणी बोलावं म्हणून ही गुप्तता ठीकच. पण त्याच दौऱ्यात बंद खोलीत बेवारस नोटा सापडल्या, तर त्या गुप्ततेवर सामान्य माणसाने विश्वास का ठेवावा?

सरकारी खर्चावर सभागृहाने नजर ठेवण्याचा हाच प्रश्न कॅनडाच्या संसदेत 2011 साली टोकाला गेला होता. लढाऊ विमानं आणि गुन्हेगारीविषयक कायदे यांवरच्या खर्चाचे पुरते आकडे स्टीफन हार्पर यांच्या सरकारने खासदारांना दिले नाहीत. 25 मार्चला सभागृहाने 156 विरुद्ध 145 मतांनी त्या सरकारला संसदेच्या अवमानाबद्दल दोषी धरून अविश्वास नोंदवला. सरकार पडलं. पुढच्या निवडणुकीत हार्पर बहुमताने परतले, हेही खरं. तरी सभागृहाने हिशेब मागण्याचा आपला हक्क सोडला नव्हता.

आपल्याकडे असल्या प्रकरणांचा वेग खान्देश चांगला ओळखतो. जळगावच्या घरकुल घोटाळ्याची फिर्याद फेब्रुवारी 2006 मधली. धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 48 जणांना दोषी ठरवलं ते 31 ऑगस्ट 2019 ला. तोवर साडेतेरा वर्षं उलटली होती.

102 नंबरच्या खोलीचं असं होता कामा नये. समिती विधिमंडळाची आहे, तेव्हा खुलासाही विधिमंडळातच व्हायला हवा. धुळे-जळगावच्या मतदारांनी आपापल्या आमदाराकडे लेखी मागणी करावी: या तपासाचा संपूर्ण अहवाल दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवा.