किकचा हिशेब आणि मेंदूची काळजी

रग्बीचा आंतरराष्ट्रीय सामना पहिल्यांदा पाहणाऱ्याला एक प्रश्न हमखास पडतो. हातात आलेला चेंडू खेळाडू लाथ मारून प्रतिस्पर्ध्याकडे का धाडतात? २०२३च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात इंग्लंडने पावसात उंच किकवरच भर दिला. अखेरच्या टप्प्यापर्यंत तो १५-६ असा पुढे होता. शेवटी दक्षिण आफ्रिकेने १६-१५ अशी निसटती बाजी मारली.

या किकमागे साधे गणित असते. हवेचा विरोध सोडून दिला, तर चार सेकंद हवेत राहणारा चेंडू सुमारे २० मीटर उंच जातो. सेकंदाला सात मीटर धावणारा सहकारी तेवढ्या वेळात २८ मीटर अंतर कापतो. किक ४० मीटर लांब गेली, तर प्रतिस्पर्धी ती निवांत झेलतो. २५ ते ३० मीटरवर आली, तर दोघेही एकाच वेळी झेप घेतात. म्हणून विश्लेषक किकच्या लांबीबरोबर चेंडू हवेत किती वेळ राहिला आणि अखेर कोणाच्या हाती लागला, हेही नोंदवतात.

डॉक्टरांना या हिशेबात रस आहे, तो वेगळ्या कारणाने. व्यावसायिक रग्बीत डोक्याला इजा झाल्याची शंका येणाऱ्या प्रसंगांपैकी सुमारे तीन चतुर्थांश टॅकलमध्ये घडतात आणि त्यात टॅकल करणाराच अधिक सापडतो. डोके झटक्यात थांबले किंवा वळले, की कवटीतला मेंदू हलतो व त्याचे नाजूक तंतू ताणले जातात. सीटी स्कॅनमध्ये बहुधा काहीच दिसत नाही. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे बचावाची फळी जितक्या वेगाने पुढे येते, तितका धोका मोठा.

२०२१मध्ये आलेल्या ‘५०:२२’ नियमाचा एक हेतू हा वेग कमी करण्याचा होता. स्वतःच्या अर्ध्या भागातून मारलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या २२ मीटर पट्ट्यात टप्पा पडून बाहेर गेला, तर लाइनआउटचा चेंडू किक मारणाऱ्या संघालाच मिळतो. ही किक अडवण्यासाठी बचावपटूंना मागे थांबावे लागते. पुढची फळी विरळ होते आणि मोकळी जागा वाढते.

मात्र उंच किक धोका हवेत नेते. उडी मारलेल्या खेळाडूला धक्का लागला, तर तो मानेवर किंवा डोक्यावर कोसळू शकतो. म्हणूनच हवेतल्या खेळाडूला टॅकल करण्यास बंदी आहे. झेल घेणाऱ्याभोवती सहकाऱ्यांनी भिंत उभी करण्यावर नोव्हेंबर २०२४पासून पंच कडक झाले. पाठलाग करणाऱ्याची वाट मोकळी झाली, तशा हवेतल्या झुंजीही वाढल्या. किक किती मीटरची होती याच्या जोडीला झेलणारा कसा खाली आला, हेही आता नोंदवायला हवे.

आंतरराष्ट्रीय सामन्यात डॉक्टर व चित्रफीत दिमतीला असतात. शाळेच्या मैदानावर नसतात. तिथे धडकेनंतर खेळाडू गोंधळला, अडखळला, डोके दुखते म्हणाला, तर त्याला लगेच बाहेर काढावे आणि त्या दिवशी पुन्हा खेळू देऊ नये. उलट्या, वाढती डोकेदुखी, मानदुखी किंवा गुंगी असेल, तर थेट रुग्णालय गाठावे.