बोटॉक्सची एक कुपी दोघींत वाटून? आधी हे गणित बघा

लग्नसराईत खर्च निम्मा व्हावा म्हणून मैत्रिणी मिळून एकच कुपी घ्यायचे ठरवत असाल, तर थांबा. बोटॉक्सचा डोस मिलीलिटरमध्ये नाही, युनिटमध्ये मोजतात. 100 युनिटच्या कुपीत अडीच मिली सलाइन मिसळले, तर 0.1 मिलीत 4 युनिट येतात. एकच मिली मिसळले तर 10. सिरिंज तेवढीच भरलेली दिसते, डोस मात्र अडीचपट! भुवयांमधल्या आठ्यांसाठी ठरलेला डोस 20 युनिट, पाच जागी चार-चार. डिस्पोर्टमध्ये याच कामाला 50 युनिट लागतात. म्हणून मैत्रिणीचा आकडा आपल्याला लावू नका.

कंपनीच्या सूचनेनुसार एक कुपी एकाच रुग्णासाठी असते. ती 2 ते 8 अंशांत ठेवायची आणि मिसळल्यावर 24 तासांत वापरायची. मे महिन्यात चंद्रपुरात पारा 45 च्या पुढे जातो. नागपूरहून साध्या पिशवीतून आलेली कुपी वाटेत किती तापली, हे काचेवरून कळत नाही. अहेरी, सिरोंचा तर आणखी लांब.

वापरलेली सुई किंवा सिरिंज पुन्हा कुपीत गेली, तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका. त्यामुळे कुपी आणि नवी सिरिंज आपल्यासमोरच उघडायला सांगा. यात संकोच कसला?

इंजेक्शननंतर काही तासांत किंवा काही आठवड्यांनीही गिळायला, बोलायला, श्वास घ्यायला त्रास झाला, तर पार्लरला फोन करत बसू नका; थेट रुग्णालय गाठा.