खेळण्यांच्या दालनात आजी-आजोबांसह

आजी-आजोबा हल्ली फारसे बोलत नाहीत, काही विचारले तर ‘आता आठवत नाही’ म्हणून गप्प बसतात, असा अनुभव तुमच्याही घरी असेल. नातवंडांना जुनी खेळणी दाखवायला नेताना ‘त्यांना दगदग नको’ म्हणून आपण त्यांना घरीच ठेवतो. प्रकृती साथ देत असेल, तर तसे करू नका. ही सहल नातवंडांइतकीच त्यांचीही आहे.

कर्जत-खालापूरकरांना एका दिवसात जाऊन येता येईल असे ठिकाण म्हणजे पुण्याचे राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय. ते केवळ खेळण्यांचे नाही. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकर यांनी पत्नी कमलाबाईंच्या साथीने गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वाद्ये, भांडी, बाहुल्या आणि खेळणी अशा हजारो वस्तू जमवल्या. बालवयातच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी या संग्रहाला दिले.

अशा वस्तूंपुढे वृद्ध माणूस बोलू लागतो, त्याला कारण आहे. अलीकडच्या घटना विसरणाऱ्या व्यक्तीलाही बालपणीच्या आठवणी पुष्कळदा अधिक काळ साथ देतात. वृद्धांचे जुन्या आठवणींत रमणे हे बुद्धी खचल्याचे लक्षण नसून आयुष्याचा ताळेबंद मांडण्याची स्वाभाविक क्रिया आहे, असे मत अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी 1963 साली मांडले. पुढे जुन्या वस्तू, छायाचित्रे, गाणी यांच्या आधारे आठवणी जागवण्याची पद्धत वृद्धसेवेत रुजली. तिने स्मृतिभ्रंश बरा होत नाही. मात्र मन प्रसन्न होण्यास आणि संवाद वाढण्यास काहींना मदत होते.

परीक्षा घेऊ नका

‘हे काय आहे, सांगा पाहू?’ असा प्रश्न टाळा. उत्तर आले नाही, तर माणूस ओशाळतो. त्याऐवजी ‘तुमच्या लहानपणी भातुकलीत काय काय असायचे?’ असे विचारा आणि थांबा. तपशील चुकला तरी दुरुस्त करू नका. एखादी बाहुली पाहून डोळे भरून आले, तर घाईने विषय बदलू नका. जवळ बसा, हात हातात घ्या. अस्वस्थता वाढू लागली, तर मात्र बाहेर मोकळ्या हवेत न्या.

प्रवासाची तयारी

जिने, बैठकीची सोय, चाकांची खुर्ची, प्रसाधनगृह आणि वेळा यांची दूरध्वनीवर आधी चौकशी करा. सगळी दालने पाहण्याचा हट्ट नको; तासाभरात एक-दोन दालने पुरेत. औषधे, पाणी, हलका खाऊ आणि चष्मा बरोबर घ्या. श्रवणयंत्र असेल तर तेही विसरू नका. द्रुतगती मार्गाने जात असाल, तर वाटेत थांबून पाय मोकळे करू द्या. घाटात मळमळ होत असेल, तर डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

रेल्वेने गेलात, तर प्रवासातच गोष्टींना सुरुवात होईल. बोरघाट चढण्यासाठी कर्जतला अनेक गाड्यांना मागून बँकर इंजिने जोडतात. तो खडखडाट तुमच्या वडीलधाऱ्यांनी लहानपणापासून ऐकलेला आहे. नातवंडांना त्यांच्याशेजारी खिडकीपाशी बसवा.

संग्रहालयातल्या वस्तूंना हात लावता येत नाही. म्हणून घरी परतल्यावर सागरगोटे, कवड्या किंवा भोवरा काढून ठेवा. शब्द सापडत नसला, तरी हाताला सवयीची हालचाल आठवू शकते. सागरगोटे जमिनीऐवजी टेबलावर मांडा, म्हणजे गुडघ्यांना त्रास होणार नाही. तान्ह्या मुलांपासून ते दूर ठेवा.

आजीला सागरगोटा झेलता आला नाही, तर नातीला झेलू द्या. कसा झेलायचा, ते मात्र आजीलाच सांगू द्या.