नाणेघाटाची कोरडी शिदोरी

टोकावड्यावरून नाणेघाटाकडे जाणाऱ्याच्या पाठपिशवीत महागडी तयार पाकिटे असण्याची गरज नाही. भाजके पोहे, शेंगदाणे, गूळ आणि मुरबाडच्या डोंगरउतारांवर पिकणाऱ्या नाचणीचे भाजलेले पीठ पुरते. अन्न नासते ते त्यातल्या मोकळ्या पाण्यामुळे. पाण्याची सक्रियता, म्हणजे या मोकळ्या पाण्याचे माप, ०.६ च्या खाली गेली की बुरशी, जिवाणू वाढत नाहीत. भाजण्याने नेमके तेच साधते. शिवाय ओझे घटते: १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ५७० किलोकॅलरी, तेवढ्याच शिजलेल्या भातात जेमतेम १३०. पावसाळ्यात हे सगळे सादळेल, हा आक्षेप रास्त आहे. पण दोष पदार्थाचा नव्हे, भरण्याचा. पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. शेंगदाणे मात्र कालांतराने खवट होतात. ते निघण्याच्या आठवड्यातच भाजा.